कडू थेंबांची गुलाबी जिन

पिंक जिन या पेयात जिन, बिटर्सचे चार-पाच थेंब आणि थोडे गार पाणी यांखेरीज काहीही नसते. साखर नाही, फळांचा रस नाही, सोडाही नाही. ग्लास आधी बर्फाने गार करतात. बर्फ काढून टाकला की आत अँगोस्टुरा बिटर्सचे थेंब सोडतात आणि ग्लास तिरका धरून सावकाश फिरवतात. तांबूस तपकिरी अर्क काचेच्या आतल्या बाजूला पातळ थराने पसरतो. तळाशी उरलेले थेंब कोणी झटकून टाकतात, कोणी तसेच राहू देतात. जुन्या इंग्रजी बारमध्ये ही आवड गिऱ्हाइकाला आधी विचारून घेत. मग साधारण ६० मिलिलिटर थंडगार जिन ओततात आणि ज्याच्या त्याच्या आवडीप्रमाणे पाणी. पेयाला जी फिकट गुलाबी छटा येते, ती फक्त या थेंबांची. आज दुकानात ‘पिंक जिन’ नावाने स्ट्रॉबेरी किंवा रासबेरीच्या चवीची गोड जिन मिळते. तिचा या जुन्या पेयाशी नावापुरताच संबंध आहे.

जिनची ओळख ज्युनिपरच्या फळांच्या वासावर ठरते. ती कुठेही मिळते आणि अनेक पेयांत पडते. पिंक जिनला स्वतःची चव येते ती बिटर्समुळे. कडू मुळ्या, साली, फळांच्या साली आणि मसाले कडक मद्यार्कात मुरवून काढलेला अर्क म्हणजे बिटर्स. अँगोस्टुरा बिटर्समध्ये अल्कोहोलचे प्रमाण ४४.७ टक्के असते, म्हणजे बहुतेक व्हिस्कीपेक्षा जास्तच. पण तो कोणी पेला भरून पीत नाही. तो थेंबांनीच वापरायचा असतो. या अर्काची कृती गुप्त आहे. त्यातला जाहीर असलेला मुख्य कडू घटक म्हणजे जेन्शियन या डोंगरी वनस्पतीचे मूळ. जेन्शियनमध्ये अमॅरोजेन्टिन नावाचे द्रव्य असते. ज्ञात द्रव्यांमधल्या सर्वांत कडू द्रव्यांत त्याची गणना होते. पाच कोटींहून अधिक पटींनी पातळ केले तरी जिभेला ते कळते, असे औषधशास्त्राच्या पुस्तकांत नोंदलेले आहे.

हे द्रव्य मराठी घरांना मुळीच परके नाही. हिमालयात उगवणारे काडेचिराईत हे जेन्शियनच्याच कुळातले झाड आणि त्यातही अमॅरोजेन्टिन आहे. गिरगाव किंवा दादरच्या काष्ठौषधींच्या दुकानात मागितले की बारीक, पोकळ, तपकिरी काड्यांची जुडी पुढ्यात येते. त्यातल्या थोड्या काड्या मोडून रात्री पाण्यात भिजत घालायच्या आणि सकाळी ते पाणी गाळून अनशापोटी प्यायचे, ही ताप, मंदावलेली भूक आणि अंगावर उठलेली खाज यांवरची जुनी रीत. पाणी दिसायला जवळजवळ स्वच्छच असते. कडूपणा मात्र घोट उतरल्यावर जिभेच्या मुळाशी बराच वेळ रेंगाळतो. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश डॉक्टरांनीही हा गुण ओळखला. १८३९ मध्ये चिराईत एडिंबरोच्या औषधकोशात दाखल झाले आणि जेन्शियनच्या जोडीने ते भूक वाढवणारे कडू औषध म्हणून दिले जाऊ लागले. गोऱ्या साहेबाच्या ग्लासातला थेंब आणि आजीचा काढा यांचे मूळ एकाच वनस्पतिकुळात आहे. त्यामुळे पिंक जिनचा इतिहास मराठी वाचकाने परका समजून सोडून देण्याजोगा नाही.

कडू चवीने तोंडाला पाणी सुटते आणि जठररस पाझरू लागतात. जेवणाआधी कडू घेण्याची पद्धत अनेक देशांत पडली, ती यामुळे. कॉकटेल या प्रकाराची सर्वांत जुनी छापील व्याख्याही बिटर्सला धरूनच आहे. १८०६ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वर्तमानपत्राने कॉकटेल म्हणजे कडक मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स यांचे मिश्रण, असा खुलासा केला होता. त्या व्याख्येतली साखर काढून टाकली आणि मद्याच्या जागी जिन घेतली की पिंक जिनच उरते.

अँगोस्टुरा बिटर्स बनवले ते एका लष्करी डॉक्टरने. योहान गॉटलीब बेंजामिन झीगर्ट हा जर्मन शल्यवैद्य १८२० मध्ये व्हेनेझुएलात गेला आणि सिमोन बोलिव्हारच्या स्वातंत्र्यसेनेत दाखल झाला. ओरिनोको नदीकाठच्या अंगोस्तुरा गावातल्या लष्करी रुग्णालयाची जबाबदारी त्याच्याकडे होती. उष्ण, दमट हवेत सैनिकांची पोटे बिघडत, भूक मरे. त्यावर उतारा म्हणून त्याने स्थानिक वनस्पती तपासल्या आणि चार वर्षांच्या खटपटीनंतर १८२४ मध्ये हा अर्क सिद्ध केला. नदीवाटे येणाऱ्या जहाजांतून त्याची कीर्ती बाहेर पडली आणि १८३० पासून तो परदेशी जाऊ लागला. अंगोस्तुराचे नाव १८४६ मध्ये बदलून सिउदाद बोलिव्हार झाले; बाटलीवर जुने नाव टिकून राहिले. व्हेनेझुएलातल्या राजकीय धामधुमीला कंटाळून झीगर्टच्या मुलांनी १८७५ मध्ये कारखाना त्रिनिदादमधल्या पोर्ट ऑफ स्पेनला हलवला. आजही तो तिथेच आहे. बाटलीच्या खांद्यावरून वर मानेपर्यंत येणारा मोठा कागदी लेबलचा पट्टा ही त्या बाटलीची खूण.

या औषधाची जिनशी गाठ ब्रिटिश आरमाराने घालून दिली. आरमारात खलाशांना रोजचा रमचा वाटा ठरलेला होता. ती प्रथा थेट ३१ जुलै १९७० पर्यंत चालली. अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात मात्र जिनला मान होता. दक्षिण इंग्लंडमधल्या प्लिमथ या आरमारी बंदरात १७९३ पासून जिन गाळली जात होती आणि ती जहाजांवर सहज पोहोचे. बोट लागू नये, पोट ताळ्यावर राहावे म्हणून बिटर्स जहाजावर असतच. ते नुसते घशाखाली उतरेनात, म्हणून अधिकाऱ्यांनी जिनमध्ये टाकले. पुढे समुद्र शांत असला तरी संध्याकाळचा ग्लास चालूच राहिला. औषध म्हणून सुरू झालेली गोष्ट सवयीची झाली आणि सवयीला औषधाचे नाव कायम राहिले. दवा आणि दारू यांच्यातल्या या सरमिसळीने पुढे मुंबईत मोठे वाद घडवले.

आरमार जिथे जिथे नांगर टाकी तिथे हे पेय गेले. मलायात त्याला ‘जिन पहित’ म्हणत. ब्रह्मदेशात रंगूनच्या पेगू क्लबने जिनमध्ये बिटर्स, लिंबाचा रस आणि संत्र्याच्या सालीचे क्युरसाव हे मद्य घालून स्वतःचे कॉकटेल काढले. आजही ते क्लबच्याच नावाने ओळखले जाते. मुंबई तर आरमाराचे मोठे ठाणेच होते. १७३५ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून इथे आले आणि त्यांच्या घराण्याने इथल्या गोदीत सागाची जहाजे बांधली. त्यांतली ‘मिंडेन’ आणि ‘ट्रिंकोमाली’ ही जहाजे ब्रिटिश आरमारात दाखल झाली. गोदीच्या आसपास गोऱ्या अधिकाऱ्यांचे क्लब उभे राहिले. भायखळा क्लब १८३३ चा, तेव्हाच्या रेसकोर्सला लागून; यॉट क्लब १८४६ चा. या क्लबांतल्या बारमध्ये जिन आणि बिटर्स ही रोजची मागणी होती.

मुंबईला मिश्र पेये शिकवायला जिन यावी लागली, असे मात्र नाही. १६९४ मध्ये, म्हणजे झीगर्टच्या सव्वाशे वर्षे आधी, मुंबई सरकारने पंच या मिश्र पेयाबाबत एक हुकूम काढला होता. खानावळीत आलेल्या गिऱ्हाइकाने गोव्याची चांगली अरक, अर्धा पौंड साखर आणि लिंबाचा रस मागून घ्यावा आणि आपले पंच आपणच कालवावे, अशी त्यात मुभा होती. मापाच्या भांड्यावर बाजार-कारकुनाचा शिक्का नसेल तर गिऱ्हाइकाने ते भांडे फोडावे आणि भांड्याचे किंवा पेयाचे पैसे देऊ नयेत, असेही त्या हुकमात बजावले होते. ग्राहकाचा इतका कडक कैवार घेणारा दुसरा अबकारी हुकूम सापडणे कठीण.

अरकेचा कच्चा माल शहराच्या अंगणातच होता. माहीम, दादर, गिरगाव या भागांत माडांच्या वाड्या होत्या. भंडारी समाजातले लोक संध्याकाळी माडावर चढून पोयीला छेद देत, खाली मडके बांधत आणि पहाटे ताडीने भरलेले मडके उतरवत. ताजी असताना ती नीरा, उन्हे वर आली की आंबलेली ताडी आणि भट्टीत गाळली की अरक. सरकारने माडावर कर बसवला, भट्ट्यांवर बंधने आणली. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी-माडीचा धंदा घट्ट बांधून टाकला आणि उरणच्या मोठ्या भट्ट्यांतली मोहाची दारू शहराच्या गुत्त्यांत येऊ लागली. माडावर चढणाऱ्या भंडाऱ्याच्या हातातली जुनी विद्या या कायद्याने मोडून काढली. परळ-लालबागच्या गिरण्यांतला कामगार हीच गाळलेली दारू प्यायचा. त्याच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावरच्या भायखळा क्लबात साहेब जिन घेत असे. दोघांच्याही पेल्यावरचा कर सरकारी तिजोरीत जात होता.

पिंक जिनविषयीचा एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. तिच्यातला कडूपणा क्विनाइनचा आहे आणि ती हिवतापावरचा उतारा म्हणून निघाली, असे पुष्कळदा सांगितले जाते. बिटर्सचा कडूपणा जेन्शियनचा. त्याने भूक लागते, ताप उतरत नाही. क्विनाइन असते ते टॉनिक वॉटरमध्ये. सिंकोना झाडाच्या सालीतून पेलेतिए आणि काव्हेंतू या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८२० मध्ये ते वेगळे काढले. १८६० च्या सुमारास सिंकोनाची लागवड निलगिरीत आणि पुढे दार्जिलिंगजवळ सुरू झाली. क्विनाइन घातलेल्या कार्बनी पाण्याचे पेटंट इंग्लंडमध्ये १८५८ मध्ये निघाले. जिन आणि टॉनिक ही जोडी हिंदुस्थानातल्या गोऱ्यांच्या शर्यतींच्या मैदानांवर १८६८ पर्यंत रुळलेली दिसते. आजच्या टॉनिकमध्ये क्विनाइन नावापुरतेच असते. अमेरिकेत त्याची कमाल मर्यादा लिटरला ८३ मिलिग्रॅम आहे, तर हिवतापाच्या उपचारात दिवसाला दीड ते दोन ग्रॅम क्विनाइन द्यावे लागते. म्हणजे त्या हिशेबाने रोज वीसेक लिटर टॉनिक प्यावे लागेल.

मुंबईचा हिवताप मात्र खरा होता आणि तो पेल्याने जाण्यातला नव्हता. १९११ मध्ये डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाच्या कारणांवरचा अहवाल सादर केला. ॲनोफिलिस स्टीफेन्सी जातीचा डास शहरातल्या विहिरींत, टाक्यांत आणि हौदांत वाढतो, हे त्यांनी दाखवून दिले. हा डास घराजवळच्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. त्यामुळे दलदल नसलेल्या, दाट वस्तीच्या भागांतही ताप फैलावत होता. विहिरी बुजवा किंवा घट्ट झाका, असा त्यांचा उपाय. विहिरीच्या पाण्याला धार्मिक विधींत स्थान असल्याने हिंदू आणि पारशी दोघांनीही त्याला हरकत घेतली. शेवटी बऱ्याच विहिरी बंद झाल्या, काहींवर जाळीची झाकणे बसली. चर्चगेटजवळची १७२५ ची भिखा बेहराम विहीर अजून आहे. महापालिकेची माणसे आजही पावसाळ्यात इमारतींच्या गच्चीवरच्या टाक्या तपासतात, ती याच डासासाठी. परळमधल्या जुन्या गव्हर्नरच्या बंगल्याचा इतिहासही याच काळातला. १८८० च्या दशकापर्यंत तिथे गव्हर्नरांच्या मेजवान्या होत. १८९९ मध्ये तिथे हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली आणि पुढे ती हाफकिन इन्स्टिट्यूट झाली. साथीच्या रोगांविरुद्ध मुंबईची खरी लढाई क्लबातल्या ग्लासांनी लढली गेली नाही. ती परळच्या या प्रयोगशाळेत आणि विहिरींच्या काठावर लढली गेली.

विसाव्या शतकात जिन क्लबाबाहेर पडली. ताजमहाल हॉटेल १९०३ मध्ये उघडले आणि तिथला हार्बर बार १९३३ चा. परवाना क्रमांक एक असलेला शहरातला हा पहिला बार, असे हॉटेल अभिमानाने सांगते. पण सहाच वर्षांत वारे फिरले. बाळ गंगाधर खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. अबकारी खात्याचे मंत्री डॉ. मंचेरशा गिल्डर स्वतः हृदयरोगतज्ज्ञ होते. गिरणी कामगाराचा पगार गुत्त्यात जाऊ नये, घरी जावा, ही या धोरणामागची कळकळ होती आणि गिरणगावातल्या बायकांच्या दृष्टीने ती अगदी रास्त होती. अबकारीचे उत्पन्न बुडणार म्हणून शहरातल्या स्थावर मालमत्तेवर १० टक्के कर बसला. मंत्रिमंडळाने त्याच वर्षी राजीनामा दिला आणि मोहीम ढिली पडली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आला आणि मोरारजी देसाई गृहमंत्री असताना एप्रिल १९५० पासून पूर्ण दारूबंदी सुरू झाली.

या कायद्याची ‘दारू’ची व्याख्या फार रुंद होती. अल्कोहोल असलेला कोणताही द्रव पदार्थ तिच्यात बसत होता. मग खोकल्याचे औषध, कोलन वॉटर आणि बिटर्ससारखे अर्क यांचे काय करायचे? हा प्रश्न फ्राम नसरवानजी बलसारा यांनी न्यायालयात नेला. व्हिस्की, ब्रँडी, बिअर यांच्याबरोबरच औषधी वाइन, कोलन वॉटर, लॅव्हेंडर वॉटर आणि अल्कोहोलयुक्त औषधे बाळगण्याचा आणि वापरण्याचा हक्क त्यांनी मागितला. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला. दारूबंदी करण्याचा राज्याचा अधिकार त्यांनी उचलून धरला. पण अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधने बाळगण्या-वापरण्यावरची बंदी ही नागरिकाच्या हक्कांवरचे अवाजवी बंधन म्हणून रद्द ठरवली. लष्करी आणि आरमारी भोजनगृहांना, युद्धनौकांना मिळणारी सूटही न्यायालयाने वैध मानली. सैन्यदलांच्या परंपरा आणि राहणी वेगळी आहे, असे कारण त्यासाठी दिले. परिणामी मुंबईच्या बंदरात उभ्या असलेल्या युद्धनौकेवर जिनमध्ये बिटर्स टाकता येत होते आणि तिथून दोन मैलांवर गिरगावात जिनची बाटली बाळगणे गुन्हा होता. अल्कोहोल असलेले औषध औषधाच्या रांगेत बसले, जिन दारूच्या.

निकालानंतर चारच दिवसांनी घडलेल्या एका अपघाताने ही रेघ किती बारीक आहे ते दाखवले. मुंबई विभागाच्या प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्याच्या जीपने २९ मे १९५१ च्या रात्री कुलाब्याच्या बाजूला काही पादचाऱ्यांना धक्का दिला. त्याच्या तोंडाला अल्कोहोलचा वास आला. आपण बी. जी. फॉस हे सुमारे १७ टक्के अल्कोहोल असलेले टॉनिक घेतले होते, असा त्याने बचाव केला. उच्च न्यायालयाने दारूबंदी कायद्याखाली शिक्षा ठोठावली. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये ती रद्द केली. वास औषधाचा नसून दारूचाच आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची आहे, असा या पेसिकाका खटल्याच्या निकालाचा मथितार्थ. फौजदारी न्यायाच्या दृष्टीने तो योग्यच होता. पण दारूबंदी खात्याचे काम त्याने फार अवघड करून टाकले.

लोकांनी फट ओळखली. औषधांच्या दुकानांतली आल्याची टिंक्चरे नशेसाठी विकली जाऊ लागली. आसव-अरिष्टांकडेही अबकारी खात्याची नजर वळली, कारण द्राक्षासवासारख्या औषधात आंबवण्याच्या क्रियेतच अल्कोहोल तयार होते. १९१० पासून आयुर्वेदिक औषधे बनवणारी झंडूसारखी जुनी कंपनी दादरच्या गोखले रोडवर होती. अशा वैद्यकीय उत्पादकांसाठी दवा कुठे संपते आणि दारू कुठे सुरू होते हा प्रश्न रोजीरोटीचा होता. राज्याने १९५२ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून, नशेसाठी पिण्याजोगी नसलेली औषधे आणि प्रसाधने वगळली. संसदेने १९५५ मध्ये औषधी आणि प्रसाधन द्रव्यांवरच्या अबकारीसाठी एक कायदा केला आणि मद्यार्कयुक्त औषधांच्या आंतरराज्य व्यापारावर लगाम घालण्यासाठी दुसरा. ज्यांना खरोखर मद्य हवे होते त्यांच्यासाठी डॉक्टरच्या दाखल्यावर आरोग्य परवाना होता. अडीअडचणीसाठी ब्रँडी, रम किंवा शॅम्पेन घरात ठेवण्याचा आणीबाणी परवानाही होता. ज्यांना यांतले काहीच परवडत नव्हते, ते हातभट्टीकडे वळले. दारूबंदीची सर्वांत मोठी किंमत त्यांनीच मोजली.

साठच्या दशकात बंधने सैल झाली आणि परवानाधारकांनी बसून पिण्याच्या जागा वाढत गेल्या. दादर, परळ, लालबागच्या रस्त्यांवर ‘परमिट रूम’ अशा पाट्या आजही लागलेल्या दिसतात, त्या या व्यवस्थेच्या. १९४९ चा अधिनियम महाराष्ट्रात अजून लागू आहे. मद्य पिण्यासाठी परवाना लागतो; तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म मिळतो. कडक मद्यासाठी वय २५ पूर्ण असावे लागते, बिअरसाठी २१.

गेल्या काही वर्षांत जिनला नव्याने दिवस आले आहेत. २०१७ पासून गोव्यात लहान प्रमाणावर चांगली जिन गाळली जाऊ लागली. त्यांतली एक हिमालयातल्या ज्युनिपरपासून बनते आणि आयुर्वेदात त्या फळाला असलेले हपुषा हेच नाव तिने घेतले आहे. ‘बॉम्बे सफायर’चा मात्र मुंबईशी संबंध नाही; ती इंग्लंडमध्ये तयार होते आणि तिचे नाव ‘स्टार ऑफ बॉम्बे’ या नीलमण्यावरून पडले. लोअर परळच्या जुन्या गिरण्यांच्या आवारांत उभ्या राहिलेल्या बारमध्ये आता जिनची लांबलचक यादी असते. पिंक जिन मागताना जुनी, बिटर्सची हवी असे स्पष्ट सांगावे, म्हणजे गोड बाटली पुढे येणार नाही. बिटर्स चार-पाच थेंबांपलीकडे जाऊ देऊ नयेत; त्यापुढे जिनचा वास दबतो आणि जिभेवर नुसता काढा उरतो.